मदत हवी आहे: मँडेलब्रॉटमध्ये खोल गेलं की चित्रात डाग येतात

नमस्कार मंडळी. पायथन आणि नमपाय (त्याची आकडेमोडीची लायब्ररी) वापरून मँडेलब्रॉट संच, म्हणजे कितीही झूम केलं तरी नवी नक्षी दाखवणारी गणिती आकृती, बघायचं छोटं टूल लिहिलंय. माउसने चौकट ओढली की तेवढाच भाग नव्याने काढतं. त्यातली उणे ०.७५ जवळची ‘समुद्रघोड्यांची दरी’ नावाची जागा स्वतःच्या कोडमधून पहिल्यांदा उमटली, तेव्हा रात्री दीडला बायकोला उठवून दाखवली! झेडचा वर्ग अधिक सी, पुन्हापुन्हा करायच्या एवढ्याशा सूत्रातून त्या वेटोळ्या शेपट्या येतात, अजून विश्वास बसत नाही.

अडचण अशी. साधारण १० चा १३ वा घात एवढा झूम झाला की नक्षी जाऊन ठोकळे दिसतात. डबलमध्ये (संगणकाच्या नेहमीच्या दशांश संख्येत) १५-१६ अंकच मावतात, शेजारच्या पिक्सेलचे आकडे एक होतात, हे कळलं. एमपीमॅथ या हवे तितके अंक ठेवणाऱ्या लायब्ररीने चित्र बरोबर येतं, पण ३०० बाय २०० लाही अर्धा तास जातो.

म्हणून पर्टर्बेशन लिहिलं: मधला एकच बिंदू (संदर्भबिंदू) जास्त अंकांनी, बाकीच्यांचा फक्त फरक डबलमध्ये. वेग झकास, पण मध्येच सपाट एकरंगी डाग पडतात. डाग ओळखून तेवढ्यापुरता दुसरा संदर्भबिंदू कसा निवडायचा? की रीबेसिंग (फरक मध्येच संदर्भबिंदूच्या सुरुवातीपासून नव्याने मोजणं) सोपं पडेल? कुणी स्वतः लिहिलं असेल तर प्लीज सांगा, कोड टाकतो.