सौदा फिसकटला, मग दलाली कसली? तुमचे अनुभव सांगा

मोगरावेल: भाचीने काल टोकनची पावती पाठवली, "मावशी, बघ गं जरा." खाली बारीक अक्षरात: 'टोकन दिल्यावर दलाली देय.' डोकंच फिरलं. आम्ही फ्लॅट विकायला काढला तेव्हा पार्टी आली, टोकन झालं, आणि साठेखताआधी (म्हणजे विक्रीच्या कराराआधी) बँकेने त्यांचं कर्ज नाकारलं. टोकन परत केलं, विषय संपला असं वाटलं. तर एजंट दारात. "पार्टी मी आणली, माझं काम झालं." हे म्हणाले, "घर विकलं गेलं का?" मग नोटीस आली. नोटिशीत व्यवहाराची तारीख टोकनच्याही आधीची! पुढे त्यानेच फोन उचलणं बंद केलं. तुमचं काय झालं?

निवांत_बसलोय: आमच्याकडे उलटं. इसार दिला, दलालीही दिली, आणि मालकाला जास्त देणारा भेटला. इसार आला परत. दलालीचं एजंटला विचारलं तर "मालकाकडून घ्या". नवीन गिऱ्हाईकही त्यानेच आणलेलं, बोला आता.

काळाकोट: करार कायदा १८७२, कलम २१९. वेगळं ठरलं नसेल तर काम पूर्ण झाल्याशिवाय एजंटचा मोबदला देय होत नाही. पण भाचीच्या पावतीतली ती ओळ म्हणजेच वेगळं ठरणं! खोडायला लावा, 'खरेदीखत नोंदल्यावर' असं लिहून घ्या. निवांत, तुमच्यासाठी कलम २२० वाचा, गैरवर्तन करणाऱ्या एजंटबद्दल आहे. कोर्टातून बाहेर आलो की सविस्तर लिहितो.

चहाबाज: कर्ज का नाकारलं? सिबिल? माझाही स्कोअर एका जुन्या कार्डापायी पडलाय.

चावीवाला: मी एजंट आहे, शिव्या घाला खुशाल. रविवार घालवून घरं दाखवायची, सोसायटीच्या एनओसीसाठी सेक्रेटरीच्या मागे फिरायचं, आणि मग दोन्ही पार्ट्या तोंड पाडून सांगतात, "नाही जमलं हो." काही महिन्यांनी इंडेक्स टू (खरेदी नोंदल्याचा सरकारी उतारा) काढला तर तीच दोन नावं! म्हणून मी थोडी टोकनला, बाकी रजिस्ट्रेशनला असं आधीच लिहून घेतो. बँकेने कर्ज नाकारलं तर टोकनवेळची परत देतो, पण परस्पर उरकलंत तर सोडणार नाही.

रिकामा_डबा: आमच्या जाऊबाईंनी हेच केलंय. गप्प बसते.

मोगरावेल: @रिकामा_डबा 😂

धुकं: नवीन प्रकल्पातलं घर असेल तर एजंटचा महारेरा (घरबांधणी प्रकल्पांवर देखरेख करणारं राज्याचं प्राधिकरण) नोंदणी क्रमांक आधी मागा. नंबर नाही म्हटलं की पुढे बोलूच नका. जुन्या इमारतीतल्या रीसेलला मात्र रेरा बहुतेक वेळा कामाला येत नाही, तिथे कागदावर काय लिहिलंय तेच.

मोगरावेल: भाचीचा एजंट म्हणतोय छापील फॉर्म आहे, बदलता येत नाही.

चावीवाला: काहीही! पेनाने खोडायचं, बाजूला दोघांच्या सह्या. आम्ही रोज करतो.

चहाबाज: सिबिलचं कुणी सांगणार का?