फिरणं मोजणारे सूक्ष्म रेझोनेटर: पिएझोला आपण उगाच दुय्यम मानतोय का?

तरंगवेडी

बरेच दिवस हे लिहायचं होतं. चिपवरच्या जायरोचा, म्हणजे फिरण्याचा वेग मोजणाऱ्या सेन्सरचा, विषय निघाला की सगळे कपॅसिटिव्हच धरून चालतात, म्हणजे सिलिकॉनचा थरथरणारा तुकडा, त्याच्या शेजारी एक-दोन मायक्रॉनची फट सोडून इलेक्ट्रोड, आणि फटीतली कपॅसिटन्स बदलली की हालचाल कळली. पिएझो, म्हणजे ताण आला की वीज देणारा पदार्थ, म्हटलं की "ते जुनं, व्हिडिओ कॅमेऱ्यातलं" असं ऐकायला मिळतं. मला हे अजिबात पटत नाही.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. या जायरोत चाक वगैरे काही फिरत नाही. एक तुकडा एका दिशेत सतत थरथरत ठेवायचा, चिप फिरली की कोरिऑलिस बलामुळे ती थरथर काटकोनातल्या दिशेत थोडी झिरपते, आणि ती झिरप मोजली की फिरण्याचा वेग मिळतो. बल म्हणजे वस्तुमान गुणिले थरथरीचा वेग गुणिले फिरण्याचा वेग, त्याच्या दुप्पट. म्हणजे मूळ थरथर जेवढी मोठी तेवढा सिग्नल मोठा, आणि माझं सगळं म्हणणं इथूनच सुरू होतं.

पिएझोच्या पातळ थराला, म्हणजे फिल्मला, व्होल्टेज दिलं की ती ताणते-आखडते आणि तिच्यावर ताण आला की चार्ज देते, यातला ताणातून चार्ज मिळण्याचा परिणाम क्युरी बंधूंनी १८८० साली दाखवला. यात फटच लागत नाही, म्हणून डीसी बायस (फटीवर लागणारं स्थिर व्होल्टेज) नको, तो तयार करायला चार्ज पंप (व्होल्टेज चढवणारं सर्किट) नको, फटीत हवा चेपली जाऊन होणारं डॅम्पिंग (थरथर विरणं) नाही, इलेक्ट्रोडला चिकटून बसायची भीती नाही. बिनधास्त जोरात हलवा. आणि उष्णतेमुळे येणाऱ्या नॉइजचं गणित बघा, तो आयामाच्या (थरथर किती मोठी त्याच्या) सरळ प्रमाणात कमी होतो पण क्यूच्या (थरथर किती हळू विरते त्या मापाच्या) फक्त वर्गमुळाच्या प्रमाणात. आयाम दुप्पट केला की नॉइज निम्मा, तेच क्यू वाढवून मिळवायचं तर क्यू चौपट लागतो. मग आपण सगळे क्यूच्या मागे का धावतोय?

सिलिकॉनप्रेमी

ताई, गणित बरोबर आहे पण अर्धंच सांगितलंत.

आधी ते चिकटण्याचं. समोरासमोरच्या पाट्या असतील तर तुमचं खरं आहे, पण ड्राइव्हला, म्हणजे तुकडा थरथरत ठेवायला, सहसा कोणी पाट्या वापरत नाही, तिथे कंगव्यासारखे दात एकमेकांत सरकतात आणि त्यात बल हालचालीवर अवलंबून राहत नाही, कित्येक मायक्रॉन आरामात हलवता येतं. अमेरिकेतल्या ड्रेपर लॅबने १९९३ मध्ये अशा दातांनी हलवायचा सूक्ष्म जायरो दाखवला तेव्हापासूनची ही वाट आहे.

आता खरा मुद्दा. तुम्ही फक्त नॉइज बोललात, ड्रिफ्टबद्दल (स्थिर असतानाचं शून्य हळूहळू सरकण्याबद्दल) गप्प. नॉइज सरासरी काढून कमी होतो, ड्रिफ्ट होत नाही. दोन दिशांतलं डॅम्पिंग किंचित जरी वेगळं असलं तरी चिप स्थिर असताना जायरोला फिरल्याचा भास होतो, आणि हा भास आयाम वाढवून एक कणभरही कमी होत नाही. आकडे घेऊ. २० किलोहर्ट्झचा रेझोनेटर (तो थरथरणारा तुकडा), क्यू १० हजार. थरथर विरायला साधारण ०.१६ सेकंद लागतात, म्हणजे विरण्याचा दर सेकंदाला ६ च्या आसपास. दोन दिशांत एक टक्का फरक म्हणजे ०.०६ रेडियन प्रतिसेकंद, अंशांत साडेतीन अंश प्रतिसेकंद! त्यातला काही भागच प्रत्यक्ष चुकीत उतरतो, थरथरीची दिशा आणि डॅम्पिंगचे अक्ष किती तिरके आहेत त्यावर, तरी पृथ्वी तासाला १५ अंश फिरते हे समोर ठेवून बघा. क्यू १० लाख केला की ही चूक शंभरपट कमी. क्यूच्या मागे धावायचं कारण हे आहे.

आणि फिल्म चढवली की क्यू पडतोच. नुसत्या सिलिकॉनचा क्यू लाखांत जातो, वर ॲल्युमिनियम नायट्राइडची पिएझो फिल्म आणि धातूचे इलेक्ट्रोड आले की बऱ्याचदा दहा हजारांच्या आसपास येऊन अडकतो.

तरंगवेडी

डॅम्पिंगचा मुद्दा मान्य, तो मी मुद्दाम टाळला नव्हता पण लिहायला हवा होता. पण दुसरी बाजूही बघा ना. २० किलोहर्ट्झला क्यू १० लाख म्हणजे रेझोनन्सची रुंदी ०.०२ हर्ट्झ. सिलिकॉनची फ्रिक्वेन्सी तापमानाच्या प्रत्येक अंशाला दशलक्षात ३० भाग सरकते, म्हणजे ०.६ हर्ट्झ. मान्य की दोन्ही मोड (दोन काटकोनी दिशांतल्या थरथरी) बरोबरच सरकतात, पण अगदी तंतोतंत नाही सरकत, आणि झिरप पूर्ण मिळवायची तर तुम्हाला दोघांमधलं अंतर ०.०२च्या आत धरून ठेवायचंय. क्यू १० हजार असेल तर रुंदी २ हर्ट्झ, श्वास घ्यायला जागा मिळते. शिवाय फिल्मही सुधारतेय, २००९ मध्ये ॲल्युमिनियम नायट्राइडमध्ये ४३ टक्के स्कँडियम हा धातू मिसळून पिएझो परिणाम पाचपटीच्या आसपास नेलेला दाखवला होता.

भट्टीवाला

मी टेस्टिंगच्या बाजूचा माणूस, डिझाइन करत नाही, चिप भट्टीत घालून तापवतो-थंड करतो आणि आकडे लिहितो. त्यामुळे माझं मत दोघांनाही पूर्ण आवडणार नाही.

आम्ही एक पिएझो जायरो तपासत होतो, वर ८५ अंशांपर्यंत नेऊन पुन्हा खोलीच्या तापमानाला आणला, तर शून्य (चिप स्थिर असतानाचा आकडा) मूळ जागी आलंच नाही, दर फेरीला थोडं वेगळं. सगळ्यांनी फिल्मला दोष दिला, मीही दिला. शेवटी निघालं काय, तर चिप पॅकेजला चिकटवायचा गोंद. तो तापून थंड होताना चिपला वाकवत होता. मऊ गोंद घेतला, तोही फक्त मधोमध लावला, आणि तीन चतुर्थांश सरक गेली. म्हणजे पिएझोच्या नावावर खपवलेला बराच ड्रिफ्ट पॅकेजचा असतो. हे इतकं मोकळेपणी कुणी लिहीत नाही याचं मला वाईट वाटतं.

पण उरलेला एक चतुर्थांश फिल्मचाच होता आणि तो आम्हाला घालवता आला नाही. फिल्ममध्ये बनतानाच ताण अडकलेला असतो, वेफरच्या मध्यावर एक आणि कडेला दुसरा. पीझेडटी (एक जोरदार पिएझो सिरॅमिक) असेल तर त्यात हिस्टेरिसिस (जाताना-येताना वेगळं वागणं) आणि वयाबरोबर पोलिंग (बनवताना व्होल्टेजने लावलेली आतली दिशा) उतरणं हेही आलं, जोर भरपूर देते पण मोजण्यासाठी मी तिच्यावर विसंबणार नाही. क्वार्ट्झचं वेगळं, तिथे फिल्म नाहीच, अख्खा स्फटिकच पिएझो, म्हणून क्वार्ट्झचे चिमट्यासारखे जायरो गाड्यांच्या स्थिरता यंत्रणेत वर्षानुवर्षं चालले.

सिलिकॉनप्रेमी

भट्टीवाले, गोंदाचं अगदी खरं, कपॅसिटिव्हलाही तोच त्रास आहे.

ताई, ०.०२ हर्ट्झ धरून ठेवायचा उपाय कपॅसिटिव्हकडेच आहे की! फटीवरचं डीसी व्होल्टेज वाढवलं की स्प्रिंग मऊ होते आणि फ्रिक्वेन्सी खाली येते, त्यामुळे सर्किट चालू असतानाच दोन मोड सतत जुळवत राहता येतात. ज्या फटीला तुम्ही अडचण म्हणताय तीच आमचा स्क्रू आहे. पिएझोत डीसी देऊन फ्रिक्वेन्सी हलते पण नगण्य, तुमच्याकडे फिरवायला स्क्रूच नाही. शनीकडे गेलेलं कॅसिनी यान १९९७ मध्ये सुटलं ते २०१७ पर्यंत चाललं, त्यावर काचेच्या अर्धगोलाचे रेझोनेटर जायरो होते. थरथरणाऱ्या जायरोंमध्ये याच्या वरचं काही नाही, आणि तिथे ढकलणं-मोजणं सगळं इलेक्ट्रोस्टॅटिक, थरथरणाऱ्या काचेवर फक्त पातळसा धातू. का? वर काहीही चढवलं की क्यू जातो म्हणूनच.

तरंगवेडी

अर्धगोलाची तुलना मला अन्यायाची वाटते, तो चिपवर मावत नाही आणि एकेक घासून-तोलून बनतो. धातूच्या पेल्यासारख्या रेझोनेटरला पिएझो सिरॅमिकचे तुकडे लावलेले जायरोही आहेत आणि ते बऱ्यापैकी गंभीर कामं करतात.

पण स्क्रूचा मुद्दा मला खरंच लागला, दोन दिवस तोच डोक्यात होता. माझं आजचं म्हणणं असं: हलवायचं आणि मोजायचं पिएझोने, आणि मोड जुळवायला फक्त एक फट, तिच्यातून सिग्नल घ्यायचा नाही. मग ती फट रुंद ठेवता येईल, तीन-चार मायक्रॉन.

सिलिकॉनप्रेमी

रुंद फटीला व्होल्टेज किती लागेल ते बघा. स्प्रिंग मऊ होणं फटीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतं आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. फट दुप्पट केली तर परिणाम आठपट कमी, म्हणजे भरून काढायला व्होल्टेज २.८ पट. जो चार्ज पंप तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये हाकलला तो जवळपास तिप्पट मोठा होऊन परत येतो.

तरंगवेडी

येऊ दे. तो फक्त एक स्थिर व्होल्टेज धरेल, सिग्नलच्या वाटेत नसेल, पंपाचा नॉइज मोजमापात शिरायचा रस्ता बराच अरुंद होईल. पंपाला माझा विरोध होता तो या शिरकावामुळे.

भट्टीवाला

व्होल्टेज हललं की दोन मोडमधलं अंतर हलेल, आणि ते शून्यात दिसेल. मला तापमानाबरोबर तुमचा पंप किती मिलिव्होल्ट सरकतो तो आकडा आधी द्या, मग ही रचना भट्टीत घालण्यात अर्थ आहे की नाही ते सांगतो.