उंच केलेल्या थारचा वाकलेला लोअर आर्म: तापवून सरळ करावा की बदलावा?

रानवाट

सप्रेम नमस्कार. माझी थार नव्या पिढीची, डिझेल, फोर बाय फोर असून पुढच्या शॉकअपच्या डोक्यावर स्पेसर (उंची वाढवणारी जाड चकती) बसवून ती सुमारे दोन इंच उचललेली आहे. मावळात एका ओढ्यातून वर चढताना उजवीकडचा पुढचा लोअर आर्म (चाकाला खालून चेसिसशी जोडणारा दांडा) धोंड्यावर आदळला. तेव्हापासून सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग तिरके राहते, पकड जरा सैल केली की गाडी उजवीकडे ओढते आणि त्या चाकाच्या टायरची बाहेरची कड झपाट्याने झिजू लागली आहे. चाक काढून पाहिले तेव्हा आर्म खालून दबलेला दिसला. त्याच बाजूच्या अप्पर बॉल जॉइंटचे (वरच्या आर्मच्या टोकाच्या गोल सांध्याचे) रबरी आवरणही फाटले असून ग्रीस बाहेर आले आहे. गॅरेजमध्ये आर्म तापवून सरळ करून देतो असे सांगतात. ते करून घ्यावे का? बदलायचाच झाला तर एका बाजूचा बदलावा की दोन्ही बाजूंचे? हे काम घरी करता येण्यासारखे आहे का?

पाना_दहाबारा

तापवून सरळ करण्याचा विचार कृपया मनातून काढून टाकावा. एकदा वाकलेल्या पोलादाला गॅसची ज्योत देऊन ठोकले की आकार परत येतो, ताकद परत येत नाही. वेल्डिंगच्या कडेला केसाएवढी चीर पडलेली असेल तर ती रंगाखाली झाकली जाते आणि पुढे घाटात ब्रेक लावताना, म्हणजे आर्मवर सर्वाधिक जोर येतो नेमक्या त्या क्षणी, उघडी पडते. चाक ज्या भागाच्या आधारावर जागेवर राहते, त्या भागावर वाचवलेले पैसे हे वाचवलेले पैसे नव्हेत.

मात्र नवा आर्म मागवण्यापूर्वी मार नेमका कुठवर पोहोचला आहे ते मोजावे. सपाट जमिनीवर स्टिअरिंग सरळ धरून पुढच्या चाकाच्या केंद्रापासून मागच्या चाकाच्या केंद्रापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी घ्यावे. थारचा व्हीलबेस २४५० मिलिमीटर आहे. येथे महत्त्व या आकड्यापेक्षा डाव्या-उजव्यातील फरकाला आहे. उजवी बाजू कमी भरली तर चाक मागे ढकलले गेले आहे असे समजावे. तुम्ही सांगितलेली लक्षणे त्याच्याशी जुळतात: खालचा बॉल जॉइंट मागे सरकला की कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे असलेला कल) कमी होतो, आत सरकला की चाकाचा तळ आत जाऊन कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) धन होतो, म्हणजे चाकाचा माथा बाहेर झुकतो, आणि या दोन्ही कारणांनी गाडी त्याच बाजूला ओढते.

त्यानंतर आर्म सोडवून चेसिसवरील कानांची (आर्म ज्यांत बोल्टने बसतो त्या पट्ट्यांची) भोके तपासावीत. भोक लांबट झाले असेल किंवा कानाच्या मुळाशी रंग तडकला असेल, तर नवा आर्म बसवूनही अलाइनमेंट जमणार नाही. टाय रॉडही (स्टिअरिंगपासून चाकाला वळवणारा दांडा) जमिनीवर लोळवून पाहावा, कारण धोंडा बहुधा एकाच भागाला मारून थांबत नाही.

आर्म वाकलेल्या बाजूचाच बदलला तरी चालते. बुश (आर्मच्या चेसिसकडील टोकांतले रबरी सांधे) मात्र दोन्ही बाजूंचे नवे असावेत, नाहीतर एक बाजू घट्ट आणि दुसरी सैल अशी गाडी चालते.

घाटमाथा

वरील सर्व मान्य आहे. तरीही अप्पर बॉल जॉइंटचे आवरण धोंड्याने फाटले नसावे, असे मला वाटते. ते स्पेसरमुळे फाटले असण्याची शक्यता अधिक आहे. शॉकअप लोअर आर्मवर चाकापासून बराच आत बसलेला असतो, त्यामुळे वरच्या टोकाला जेवढ्या जाडीचा स्पेसर घालावा त्याच्या साधारण दीड ते दोन पट गाडी उचलली जाते. शॉकअपची लांबी तीच राहते, पण त्याची सगळी चाल खाली सरकते. चाक हवेत लोंबकळले की ते मूळ रचनेपेक्षा अधिक खाली उतरते आणि अप्पर आर्मचा बॉल जॉइंट आपल्या कोनाच्या टोकाला जाऊन आवरण चिमटीत पकडतो. एक्सलच्या बाहेरच्या सांध्यालाही हाच त्रास होतो.

पडताळणी सोपी आहे. गाडी चेसिसखाली स्टँडवर घेऊन दोन्ही पुढची चाके लोंबकळू द्यावीत आणि डावीकडचा, म्हणजे मार न बसलेला, बॉल जॉइंट टॉर्च लावून पाहावा. त्याचेही आवरण चिमटले जात असेल तर तुमच्यापुढे दोनच मार्ग आहेत: स्पेसर पातळ करणे, किंवा उंच गाडीसाठी बॉल जॉइंटचा कोन बदलून बनवलेले अप्पर आर्म दोन्ही बाजूंना बसवणे. अशा आर्ममुळे गमावलेला कॅस्टरही परत मिळतो आणि महामार्गावर स्टिअरिंग आपोआप मध्यावर येऊ लागते. लोअर आर्म मात्र कंपनीचाच घ्यावा.

रानवाट

मनःपूर्वक आभार. मोजमाप घेतले. उजवीकडचे अंतर डावीकडच्यापेक्षा कमी भरले आहे. चेसिसची भोके गोल आहेत आणि डावीकडचे अप्पर आवरणही चाक लोंबकळताना खरोखरच चिमटले जात आहे. त्यामुळे उजवा लोअर आर्म कंपनीचा, बुश दोन्ही बाजूंचे आणि अप्पर आर्मची जोडी असे मागवत आहे. बसवताना कोणती काळजी घ्यावी, ते कृपया सांगावे.

पाना_दहाबारा

बॉल जॉइंटचा नट पूर्ण काढू नये. तो दोन-तीन आटे सैल करून पुलर (सांधा ओढून सुटवणारे हत्यार) लावावा, म्हणजे सांधा सुटला तरी आर्म अंगावर येत नाही. अप्पर सांधा सोडल्यावर नकल (ज्यावर चाक बसते तो भाग) तारेने बांधून ठेवावे. ते बाहेर कलंडले तर एक्सल आतल्या सांध्यातून ओढला जातो आणि ब्रेकच्या पाइपवरही ताण येतो. शॉकअपच्या मधल्या नटला हात लावू नये, कारण दाबलेली स्प्रिंग त्याच नटने धरलेली असते. नवा कॅसल नट (पिनेसाठी खाचा असलेला नट) टॉर्क पान्याने, म्हणजे ठरावीक जोर मोजून कसणाऱ्या पान्याने, कसल्यावर पिनेचे भोक जुळत नसेल तर नट थोडा पुढे कसावा, मागे कधीही फिरवू नये. पिन आणि लॉकनट नवेच वापरावेत.

आता सर्वांत महत्त्वाचे. बुशच्या आतील नळीला रबर चिकटवलेले असते आणि बोल्ट कसला की ती नळी कानांमध्ये जखडली जाते. चाके लोंबकळत असताना बोल्ट कसले तर गाडी खाली उतरताच रबराला पीळ बसतो आणि तो पीळ कायम राहतो; नवे बुश काही महिन्यांतच फाटतात ते यामुळेच. म्हणून सर्व बुशचे बोल्ट आधी फक्त हाताने बसवावेत, गाडी चाकांवर उतरवून पुढून दोन-चार वेळा दाबून सोडावी आणि तिचा पूर्ण भार चाकांवर असतानाच, सर्व्हिस मॅन्युअलमधील टॉर्कनुसार, अंतिम कसणी करावी. पुढे कधी स्पेसर काढला तर हे बोल्ट सैल करून नव्या उंचीवर पुन्हा कसावे लागतील.

वाचणाऱ्यांपैकी कोणाकडे जुनी थार सीआरडीई असेल तर त्यांनी ही पद्धत जशीच्या तशी वापरू नये. तिच्यात पुढे टॉर्शन बार (स्प्रिंगऐवजी पिळाने भार पेलणारी सळई) असतो आणि त्याचा ताण आधी पूर्ण सोडल्याशिवाय आर्मला हात लावणे जिवावर बेतू शकते.

सह्याद्रीचालक

विम्याचा दावा करणार असाल तर आर्म सोडवण्याआधी सर्वेक्षकाला गाडी दाखवावी आणि स्पेसरची माहिती स्वतःहून द्यावी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ वाहनातील बदलांवर मर्यादा घालते, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये त्याचा अर्थ कडकपणे लावलेला आहे. तेव्हा उंची वाढवल्याची बाब लपवून दावा करणे अंगलट येईल.

अलाइनमेंट करून घेताना केवळ टो (वरून पाहता चाकांचा आत-बाहेर रोख) नव्हे, तर कॅम्बर आणि कॅस्टर यांचेही छापील आकडे मागून घ्यावेत. पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर सर्व बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासावेत, आणि तोवर खडकाळ वाटेवर गाडी नेऊ नये.