अनुभव धागा: ठाणे-बेलापूर पट्ट्यात काम कुठे मिळतं आणि कागदावर कुठे दिसतं

वागळे इस्टेटमध्ये जिथे लेथ आणि प्रेस चालायचे, त्यातल्या बऱ्याच प्लॉटवर आता काचेची ऑफिसं आहेत. दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत रासायनिक कारखान्यांच्या शेजारी डेटा सेंटरं उभी राहिली. काम संपलेलं नाही, पण बरंचसं कंपनीकडून ठेकेदाराकडे गेलं, आणि कागद सांभाळायची जबाबदारी कामगारावर येऊन पडली. या कामातल्या माणसांनी इथे लिहावं. आत्मकथा नको. दुसऱ्याला उद्या सकाळी वापरता येईल ते द्या: आकडे, कागद, कुठे अडतं आणि का.

पगारपत्रकाचं काम, महापे

"अठरा हजार देऊ" असं म्हटलं की लगेच विचारा: हातात, ग्रॉस (कपातीआधीचा पगार) की सीटीसी (मालकाचा हिस्सा धरून कंपनीचा एकूण खर्च)? हातातला आणि ग्रॉस यांत साधारण दोन हजारांचा, ग्रॉस आणि सीटीसी यांत आणखी साधारण तेवढाच फरक पडतो.

समजा ग्रॉस १८,००० आणि त्यात बेसिक-डीए (मूळ पगार आणि महागाई भत्ता) १३,०००. पीएफ १२ टक्के म्हणजे १,५६० कापला जाईल. ईएसआयसी, म्हणजे कामगार विम्याचा हप्ता, ग्रॉसवर ०.७५ टक्के, म्हणजे १३५. व्यवसाय कर २००, फेब्रुवारीत ३००. हातात १६,१०५. बाईमाणसाला २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही, म्हणून तिच्या हातात १६,३०५ यायला हवेत. अनेक ठेकेदारांच्या सॉफ्टवेअरमध्ये हे बदललेलंच नसतं, तेव्हा बायकांनी स्लिप नीट बघावी.

कंपनी वरून आणखी १,५६० पीएफ आणि ५८५ ईएसआयसी भरते. १८,००० हे सीटीसी असेल तर हे पैसे त्याच्या आतूनच जातात. ठरलेल्या ग्रॉसमधून मालकाचा हिस्सा कापणं मात्र बेकायदा आहे. स्लिपवर पीएफ ३,१२० दिसला तर तेच चाललंय.

पासबुकात मालकाचे पूर्ण १,५६० दिसत नाहीत म्हणून भांडणं होतात. त्यातले ८.३३ टक्के, इथे १,०८३, पेन्शनच्या रकान्यात जातात आणि पीएफमध्ये ४७७ राहतात. कोणी खाल्लेले नसतात.

ओटीचा, म्हणजे जादा तासांचा हिशोब: १८,००० भागिले २६ भागिले ८, म्हणजे तासाला साडेशहाऐंशी. कायद्याने दुप्पट, १७३. चार तासांचे ६९२. हातात ३४६ टेकवले तर तो सिंगल ओटी.

आणखी एक. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. आधी बेसिक ६,००० आणि भत्ते १२,००० अशी रचना सर्रास असायची, कारण पीएफ कमी भरावा लागे. आता भत्ते एकूण रकमेच्या निम्म्यावर गेले की वरचा भाग वेतनात धरायचा. या उदाहरणात ३,००० वेतनात येतात आणि हिशोब ९,००० वर होतो. मुदतीच्या करारावर असलेल्याला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी लागू होते. नेमणूकपत्र सगळ्यांना द्यायचंच आहे, तोंडी भरतीवर थांबू नका.

पीएफ दुरुस्तीची कामं करतो, कोपरखैरणे

मार्चअखेर ठेका बदलतो. माणसं तीच, मशीन तेच, फक्त ठेकेदाराचं नाव नवं. पीएफची सगळ्यात जास्त वाट इथे लागते.

नव्या ठेकेदाराकडे रुजू होताना भरायच्या फॉर्म ११ मध्ये जुना यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) लिहाच. रिकामा सोडलात तर नवा नंबर निघू शकतो आणि नोकरीचे तुकडे पडतात. पेन्शनला दहा वर्षं लागतात. तीन ठेकेदारांकडे चार-चार वर्षं भरूनही तीन वेगळे यूएएन असतील तर ती बारा वर्षं एकत्र दिसत नाहीत. जुना ठेकेदार सोडल्याची तारीख टाकत नाही, मग पैसे वर्ग होत नाहीत. शेवटचा हप्ता भरून दोन महिने झाले की ती तारीख स्वतः पोर्टलवर टाकता येते, फक्त आधारला मोबाइल जोडलेला हवा. तारीख शेवटचा हप्ता ज्या महिन्याचा, त्याच महिन्यातली द्यायची. नंतर पैसे वर्ग करायला फॉर्म १३.

नावाचा घोळ आपल्याकडे फार. आधारवर वडिलांचं नाव मध्ये, पीएफवर नुसतं नाव-आडनाव. लग्नानंतर एका कागदावर माहेरचं, दुसऱ्यावर सासरचं. हे नोकरीत असतानाच जॉइंट डिक्लेरेशनने (कामगार आणि मालकाच्या संयुक्त अर्जाने) दुरुस्त करा. ठेकेदार पसार झाला की सहीसाठी दारोदार फिरावं लागतं.

महिन्याचा भरणा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत व्हायला हवा. २५ च्या सुमारास पासबुक बघत जा. स्लिपवर कपात आहे आणि पासबुकात नाही, असं सलग दोन महिने दिसलं तर दोन्ही स्लिपा जोडून ऑनलाइन तक्रार करा आणि मूळ कंपनीचं, म्हणजे जिच्या आवारात काम करता तिचं, नाव त्यात घाला. ठेकेदाराने बुडवलं तर जबाबदारी मूळ कंपनीवर येते. म्हणून गेटपासचा फोटो काढून ठेवा. त्या गेटच्या आत तुम्ही काम करत होतात, याचा तोच पुरावा.

आकडे वाचणारी, ठाणे पश्चिम

वरच्या मुद्द्याला धरूनच. "ईपीएफओत (पीएफच्या सरकारी संघटनेत) अमुक लाख नोकऱ्या वाढल्या" अशी बातमी येते, तो आकडा नवे अधिक परत आलेले वजा बाहेर पडलेले असा असतो. ठेका बदलला की तोच माणूस आधी बाहेर पडलेला आणि मग परत आलेला म्हणून मोजला जातो. आस्थापनेत वीस माणसं झाली आणि पीएफ लागू झाला, तर जुनेच कामगार नवे म्हणून दिसतात. म्हणून हा आकडा कागदावर आलेल्या कामाचा समजावा.

बेरोजगारीचा दर पीएलएफएस या सरकारी श्रमबल सर्वेक्षणातून येतो. २०२५ पासून तो दरमहा निघतो. त्यात आठवड्यातल्या एका दिवशी एक तास जरी काम केलं तरी माणूस रोजगारात धरतात. मजूर नाक्यावर सात दिवस उभा राहून एकच दिवस काम मिळालेला गवंडी बेरोजगार नसतो. घरच्या दुकानात बिनपगारी बसणारी मुलगीही स्वयंरोजगारात मोजली जाते. दर कमी आणि नाक्यावर गर्दी जास्त, हे दोन्ही एकाच वेळी खरं असतं. दरासोबत नियमित पगारी किती, हे बघितल्याशिवाय चित्र कळत नाही.

डेटा सेंटरची देखभाल, ऐरोली-रबाळे

मोठी इमारत, अफाट वीज, आणि आत कायमची माणसं मोजकी. बाकी सुरक्षा, सफाई आणि देखभाल ठेक्यावर. तरीही आयटीआय इलेक्ट्रिशियन किंवा रेफ्रिजरेशनवाल्याला ही सध्या चांगली वाट आहे, कारण पाळ्या चोवीस तास चालतात.

मुलं मुलाखतीत एका प्रश्नाला पडतात: "लाइट गेली तर काय होतं, क्रमाने सांग." घरगुती वायरिंगच्या अनुभवावर उत्तर येतं, "जनरेटर चालू होतो." अपेक्षा अशी असते: लोड आधी यूपीएसच्या बॅटरीवर जातो, डीजी (डिझेल जनरेटर) सुरू होऊन व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी स्थिर होते, मग ब्रेकर बदलतो. चिलर (हॉल थंड ठेवणारं यंत्र) बहुधा बॅटरीवर नसतो, म्हणून त्या मधल्या वेळात हॉलचं तापमान वाढतं, त्यावर नजर ठेवायची. एन प्लस वन म्हणजे गरजेपेक्षा एक यंत्र जास्त. सिंगल लाइन डायग्राम (वीजजोडणीचा एकरेषी नकाशा) वाचता आला आणि लॉकआउट-टॅगआउट (दुरुस्तीआधी वीज तोडून कुलूप आणि पाटी लावणं) सांगता आलं की निम्मं काम झालं. वायरमन परवाना असेल तर उत्तम. ॲप्रेंटिसशिप करताना लक्षात घ्या, त्या काळात पीएफ-ईएसआयसी नसतो. फायदा शेवटच्या प्रमाणपत्राचा, ते हातात घेतल्याशिवाय सोडू नका.

बांधकाम कामगारांची नोंदणी, तुर्भे

बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणीसाठी वय १८ ते ६० आणि मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामाचं काम हवं. नाक्यावरून रोज काम मिळवणारा नाका कामगार इथेच अडकतो, कारण त्याचा मालक रोज वेगळा. उपाय: चार-पाच छोट्या ठेकेदारांकडून दाखले घेऊन दिवस जोडायचे. प्रत्येक दाखल्यावर कामाचा पत्ता, तारखा आणि ठेकेदाराचा नोंदणी क्रमांक हवा. नुसत्या सही-शिक्क्याचा दाखला परत येतो. काम संपलं की त्याच संध्याकाळी दाखला मागा, महिन्याने मुकादम ओळख देत नाही. नूतनीकरण विसरलात तर मुलांची शिष्यवृत्ती अडते.

एपीएमसी, वाशी

गोदामं चालवणाऱ्यांसाठी थोडक्यात. १९६९ च्या माथाडी (हमालीचं काम करणाऱ्यांच्या) कायद्याखाली मजुरी आणि लेव्ही (मजुरीवरची जादा टक्केवारी) माथाडी मंडळात भरायची असते, मंडळ मजुरी टोळीला देतं. पीएफ, बोनस, रजा लेव्हीतूनच. वाराईच्या (माल चढवण्या-उतरवण्याच्या मजुरीच्या) नावावर गेटवर कोणी रोख मागितली तर आधी मंडळाचं नोंदणीपत्र मागा. नोंदणी असलेली टोळी ते दाखवते.

प्रश्न, घणसोली: पगार २१,००० च्या वर गेला की ईएसआयसी लगेच बंद होतं का?

पगारपत्रकाचं काम, महापे

नाही. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च अशा दोन सहामाह्या असतात. जुलैत पगार वाढला तरी सप्टेंबरअखेर हप्ता जातो. एप्रिल-सप्टेंबरच्या हप्त्यांवर पुढचे जानेवारी ते जून आजारपणाचा पैसा मिळतो, वेतनाच्या ७० टक्के, वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस.

त्यासाठी सहामाहीत ७८ दिवसांचा हप्ता लागतो. खाडे फार झाले तर तो भरत नाही, आणि काही ठेकेदार हप्ता वाचवायला हजेरीच कमी दाखवतात. महिन्याला १३ दिवस दाखवले तर बरोबर ७८ होतात, १२ दाखवले की ७२, आणि दावा फेटाळला जातो. ईएसआयसीच्या लॉगिनमध्ये दर महिन्याचे दिवस दिसतात. ते आपल्या हजेरी कार्डाशी ताडून पाहा, आणि फरक असेल तर सहामाही संपायच्या आत लेखी द्या.