चार्ज हळूहळू जड का होतो?

तुम्ही विचारलंय की बंदुकीची काडतुसं भरताना टरेट प्रेसवर (काडतुसं भरायच्या फिरत्या डोक्याच्या यंत्रावर) मेझर, म्हणजे पावडर मोजून टाकणारं साधन, बसवल्यापासून चार्ज, म्हणजे एका काडतुसात पडणारी पावडर, हळूहळू जड का होत जातो. मेझर वजन मोजत नाही, आकारमान मोजतं. प्रत्येक स्ट्रोकला अख्खा प्रेस हादरतो, हॉपरमधली (मेझरच्या वरच्या डब्यातली) पावडर दबून बसते आणि तेवढ्याच पोकळीत जास्त मावते. हॉपरमध्ये बॅफल (वरच्या पावडरचा भार अडवणारी पट्टी) टाका, पातळी फार खाली जाऊ देऊ नका आणि पहिले दहाएक चार्ज परत हॉपरमध्ये ओता. त्यानंतर वजन घ्यायला बसा.

वजन घेताना दहा चार्ज एकत्र तोलून दहाने भागा, कारण ०.१ ग्रेन म्हणजे जेमतेम साडेसहा मिलिग्रॅम, तिथे साधा काटा सहज फसतो. मात्र सरासरीत चढउतार लपतात, म्हणून मधूनमधून एकेक चार्जही तोला.

बॉल पावडर (गोल दाण्यांची) पाण्यासारखी वाहते. काडीच्या दाण्यांची पावडर ड्रमच्या (मेझरमधल्या फिरत्या नळकांड्याच्या) कडेवर कापली जाते, हँडलला बारीकसा 'कच्' जाणवतो. तिथे जोर लावून हँडल रेटू नका. तो चार्ज परत ओता.

मला खरी भीती डबल चार्जची, म्हणजे एकाच काडतुसात दोनदा पावडर पडण्याची वाटते. .३८ स्पेशल या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाच्या उंच केसमध्ये (रिकाम्या कवचात) फास्ट, म्हणजे झपाट्याने जळणाऱ्या पावडरचा छोटा चार्ज दोनदा पडला तरी वर सांडत नाही, त्यामुळे कळतच नाही. मध्येच फोन वाजला, प्रायमर (केसच्या बुडाशी बसणारी, ठिणगी देणारी टोपी) अडकला, की गोंधळ झालाच. अशा वेळी ती केस रिकामी करून नव्याने भरा, आणि बुलेट ठेवण्याआधी दिव्याच्या उजेडात आत डोकवाच.

हो, आणि काम संपलं की हॉपर रिकामा करा. 'यात कुठली पावडर होती बरं?' असा प्रश्न पडला तर ती फेकायचीच.