मदत हवी आहे: .३०० सॅव्हेजची जुनी रायफल घ्यावी की गुपचूप नवी .३०८?

उत्तरायण

नमस्कार मंडळी. अमेरिकेत असतो, शिकारीचा परवाना आहे, यंदा नोव्हेंबरच्या हंगामाआधी स्वतःची रायफल घ्यायची आहे. जंगल दाट आहे, हरण दिसलं तर दीडशे यार्डांच्या आतच दिसतं. ओळखीतले एक वयस्कर गृहस्थ त्यांची सॅव्हेज ९९ विकताहेत, ट्रिगरखालची लिव्हर ओढून काडतूस भरायची रायफल. हातात घेऊन पाहिली. लिव्हर आखूड आणि घट्ट, कुठे खुळखुळ नाही. डाव्या अंगाला एक बारीकशी खिडकी, तिच्यातून पितळी चकतीवरचा आकडा दिसतो: आत किती काडतुसं उरली. मी तिथेच निम्मा पटलो.

गोची काडतुसाची आहे. ते आहे .३०० सॅव्हेज. दुकानात विचारलं तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "हे कालबाह्य झालंय, .३०८ घ्या नाहीतर ६.५ क्रीडमूर." शिकारीतली जुनी मंडळी मात्र नाव काढताच खूश होतात.

वाचून जे कळलं ते असं. काडतूस १९२० चं. तेव्हाच्या .३०-०६ या लांब लष्करी काडतुसाची ताकद सॅव्हेज ९९ च्या आखूड यंत्रणेत बसवायची, हा हेतू. पुढे अमेरिकी लष्कराने आखूड काडतुसावर काम सुरू केलं तेव्हा सुरुवात .३०० सॅव्हेजच्या पुंगळीपासूनच (काडतुसाचं पितळी कवच) केली. त्यातून जे निघालं ते विंचेस्टरने १९५२ मध्ये .३०८ म्हणून बाजारात आणलं. म्हणजे पोरानेच बापाला घराबाहेर काढलं!

जाणकारांना विचारायचंय: काडतुसं मिळत राहतील का? त्याच्या आखूड मानेबद्दल (पुंगळीचा गोळी धरून ठेवणारा अरुंद भाग) लोक कुरकुरतात, त्यात तथ्य किती? आणि रायफल विकत घेण्याआधी नेमकं काय तपासायचं?

आटेपाटे

उत्तरायण, घ्या. पण तपासून घ्या.

आधी ताकदीचं बोलू. १५० ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) गोळी .३०० सॅव्हेजमधून साधारण २६३० फूट प्रति सेकंद वेगाने निघते, .३०८ मधून २८२०. हा फरक कागदावर दिसतो, दीडशे यार्डांवरच्या हरणाला कळत नाही. मान आखूड आहे हे खरं. त्यामुळे १८० ग्रेनची लांब गोळी पुंगळीत खोल बसते आणि दारूची जागा खाते. १५० ग्रेन वापरा, विषय संपला.

लिव्हरच्या इतर रायफलींपेक्षा ९९ वेगळी का, हेही बघा. .३०-३० च्या बहुतेक रायफलींत काडतुसं नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक बसतात, मागच्या गोळीचं नाक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरला (बुडातली ठिणगी देणारी टोपी) टेकतं. म्हणून तिथे बोथट गोळ्या. टोकदार गोळी असेल तर धक्क्याने आतल्या आत बार उडू शकतो. ९९ मध्ये मॅगझिन फिरतं, काडतुसं गोलाकार बसतात, टोकदार गोळी बिनधास्त चालते. १८९९ सालची रचना आहे ही, आजही बघत राहावंसं वाटतं.

आता तपासणी. लाकडी दस्ता यंत्रणेला जिथे भिडतो, तिथे मागच्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना उजेडात धरून बघा, ९९ ला तिथे हमखास चीर जाते. नळीतून उजेडाकडे पाहा, आटे (गोळीला फिरवणारे आतले पेच) धारदार दिसले पाहिजेत. मग बंदूक-कारागिराकडून गेज लावून हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्ट आणि चेंबरमध्ये काडतूस जिथे टेकतं ती जागा यांतलं अंतर, मोजून घ्या. याला पर्याय नाही.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. या रायफलीचा बोल्ट, म्हणजे काडतुसामागे बंद होणारा लोखंडी ठोकळा, मागच्या बाजूला अडकतो, त्यामुळे बार उडताना पुंगळी जरा ताणली जाते. कारखान्यातलं काडतूस एकदा उडवून टाकून देणाऱ्याला काही फरक पडत नाही. पण त्याच पुंगळ्या पुन्हा भरणार असाल तर बुडाच्या किंचित वर चमकदार कडं दिसतंय का बघा. बारीक तारेचं टोक वाकवून आतून फिरवा. तिथे खाच लागली तर पुंगळी फेकून द्या, पुढच्या बाराला ती तिथेच तुटू शकते.

कोकणकडा

आटेपाटे, माहिती झकास, पण सल्ला पटला नाही. ही त्यांची पहिली स्वतःची रायफल आहे. रायफल जमते ती सरावाने, आणि सराव म्हणजे खंडीभर काडतुसं. कारखाने जुनी काडतुसं अधूनमधून, हंगामाच्या बेताने काढतात. .३०८ कुठल्याही दुकानात बारा महिने मिळतं, गोळ्यांचे प्रकार ढीगभर. आधी .३०८ वर हात बसवा, ९९ चा शौक नंतर पुरवा.

आणि पुढेमागे दोन्ही घरात आली तर काडतुसं वेगळ्या कुलपात ठेवा. .३०८ ची पुंगळी लांब असते, ती .३०० सॅव्हेजच्या चेंबरमध्ये जात नाही. उलट बाजूने मात्र .३०० सॅव्हेज .३०८ मध्ये जातं, उडतंही, आणि पुंगळी फाटू शकते.

टिवल्याबावल्या

अवांतर करतो, राग मानू नका. काडतूस वाईट होतं म्हणून मागे पडलं असं क्वचितच होतं. .२४४ रेमिंग्टनचंच बघा. १९५५ साली .२४३ विंचेस्टर आणि हे एकदमच आले. .२४४ ची पुंगळी उलट जरा मोठी. पण रेमिंग्टनने नळीतल्या आट्यांना बारा इंचांत एक फेरा दिला, विंचेस्टरने दहा इंचांत. हरणासाठी लोकांना १०० ग्रेनची गोळी हवी होती आणि संथ आट्यांत ती नीट स्थिरावेल याची खात्री वाटेना. रेमिंग्टनने १९६३ मध्ये नऊ इंचांचा फेरा देऊन तेच काडतूस ६ मिमी रेमिंग्टन नावाने पुन्हा आणलं. तोवर गिऱ्हाईक .२४३ कडे गेलं होतं. काडतूस तेच, घोटाळा नळीचा.

कधी कायदाच घोटाळा करतो. ब्रिटिशांनी हिंदुस्थानात .४५० बोअरच्या रायफलींवर बंदी आणली ती जुन्या लष्करी मार्टिनी-हेन्री रायफली बाळगणाऱ्या बंडखोरांच्या हाती त्या बोअरची काडतुसं पडतील या धास्तीने. शिकारीच्या .४५० एक्स्प्रेसचा त्यात काय दोष? इंग्लंडातल्या बंदूकवाल्यांनी मग .४७०, .४६५ असे शेजारचे आकडे काढले. उलटही घडतं. ओहायोत २०१४ पासून हरणाच्या शिकारीला सरळ भिंतीच्या (मानेकडे न आवळलेल्या) पुंगळीची रायफल चालू लागली आणि १८७३ सालचं .४५-७० तिथे एकदम कामाचं झालं.

उत्तरायण

सगळ्यांचे आभार. कोकणकडा, तुमचा मुद्दा डाचतोय, कारण सरावाचं खरं आहे. पण त्या गृहस्थांकडे बोल्टची एक .२५७ रॉबर्ट्सही आहे. धक्का कमी म्हणून ती घेतली तर? की तिथेही काडतुसांची हीच रड?

आटेपाटे

हीच रड, थोडी जास्तच. .२५७ रॉबर्ट्स म्हणजे ७x५७ माउझरची पुंगळी मानेत आवळून केलेलं काडतूस. नेड रॉबर्ट्सच्या प्रयोगांतून आलं, रेमिंग्टनने १९३४ मध्ये बाजारात आणलं. धक्का सौम्य, हरणाला पुरेसं, नेमाला गोड. .२४३ आल्यावर मागे पडलं. जुन्या रायफलींचा विचार करून कारखान्यांनी त्याचा दाब कमी ठेवला होता, तेही नडलं. आता +पी छापाची जास्त दाबाची काडतुसं मिळतात, ती फक्त धडधाकट आधुनिक यंत्रणेत वापरायची. त्या गृहस्थांची रायफल कुठल्या काळातली आहे ते कारागिराला विचारल्याशिवाय +पी ला हात लावू नका.

दाट जंगलात पटकन दुसरा बार लागतो तिथे ९९ सोयीची. कोकणकडांची शंका दूर करायला असं करा: रायफलीचा व्यवहार ठरवण्याआधी १५० ग्रेनची काडतुसं शोधा. एकाच छापाची, एकाच लॉटची, सराव आणि हंगाम दोन्हींना पुरतील इतकी मिळाली तर रायफल घ्या. नाही मिळाली तर .३०८.

कोकणकडा

हे मान्य. फक्त स्कोपचं आधी बघा. जुन्या ९९ ला वर स्कोपसाठी भोकं नसतात. ती नंतर पाडली असतील तर संग्राहकाच्या लेखी किंमत उतरते, ते भाव करताना बोला. नसतील तर पाडू नका, लोखंडी माशीवरच नेम धरायला शिका. दीडशे यार्डांना चालतंय.

उत्तरायण

भोकं नाहीत. कारागिराची वेळ घेतली आहे, हेडस्पेस आणि दस्ता दोन्ही बघायला सांगितलंय. काडतुसांचा शोध आजपासून सुरू. कारागीर काय म्हणतो ते इथेच लिहितो.