आईला शॉक ट्रीटमेंट सुचवली आहे, मामांचा ठाम विरोध आहे

प्रश्न (इंदिरानगर, नाशिक):
माझी आई ६१ वर्षांची आहे. चार महिन्यांपासून तिला तीव्र नैराश्य आहे, दोन औषधे बदलूनही गुण आला नाही आणि गेल्या दहा दिवसांत तिने जेवण जवळजवळ सोडले आहे. मनोविकारतज्ज्ञांनी ईसीटी, म्हणजेच शॉक ट्रीटमेंट सुचवली. हे ऐकताच पंचवटीतले मामा म्हणाले, "ताईला वेडी ठरवून ठाण्याला पाठवायचे आहे का?" त्यांच्या डोळ्यांपुढे सिनेमातला बांधलेला, किंचाळणारा माणूस आहे, खरे सांगायचे तर तो माझ्याही डोळ्यांपुढून हलत नाही.

उत्तर १:
मी निवृत्त परिचारिका आहे आणि हे उपचार अनेकदा जवळून पाहिले आहेत. रुग्णाला उपाशीपोटी आणतात, कवळी काढून ठेवतात, मग भूलतज्ज्ञ भूल देतात. स्नायू सैल करणारे औषध देण्याआधी एका पायाच्या घोट्यावर रक्तदाबाचा पट्टा फुगवतात, म्हणजे ते औषध त्या पावलापर्यंत पोहोचत नाही आणि विद्युतप्रवाहाने मेंदूत जी आकडी आणायची असते ती आली की नाही, हे पावलाच्या हालचालीवरून कळते. पाहणाऱ्याला दिसते ते बहुतेक एवढेच: एक पाऊल साधारण अर्धा-एक मिनिट थरथरते. किंचाळणार कोण, रुग्ण तर झोपलेला असतो! असे उपचार आठवड्यातून दोन-तीनदा, एकूण बहुधा सहा ते बारा वेळा होतात. रुग्णाने खाणेपिणे सोडले असेल किंवा आत्महत्येचा धोका असेल, तर औषधांचा गुण येईपर्यंत थांबणे परवडत नाही, म्हणून डॉक्टर हा मार्ग सुचवतात.

उत्तर २:
सिनेमावाल्यांनी सगळेच खोटे दाखवले, असे मात्र मामांना सांगू नका. १९३८ साली रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी यांनी ही पद्धत सुरू केली तेव्हा भूल दिली जात नसे आणि आकडीच्या जोराने रुग्णांची हाडेही मोडत. आपल्याकडे भुलीशिवाय शॉक देण्यावर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंदी घातली. पडद्यावर मात्र तोच जुना शॉक, तोही शिक्षा म्हणून, आजतागायत चालू आहे.

उत्तर ३:
मी स्वतः आठ वेळा हे उपचार घेतले आहेत. मी त्यातून उठलो, कामावर परतलो. परंतु त्या काळातला भाचीचा साखरपुडा मला आजही आठवत नाही. फोटोत मी तिला पेढा भरवताना दिसतो, आणि तो माणूस कोणी दुसराच वाटतो. सर्वांच्याच बाबतीत असे होत नाही. तरीही विद्युतप्रवाह डोक्याच्या एकाच बाजूने देणार की दोन्ही, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा, कारण स्मरणशक्तीवरचा परिणाम बऱ्याच अंशी त्यावर अवलंबून असतो. नंतर औषधे सोडू नका, नाहीतर आजार उलटतो.

मूळ प्रश्नकर्ती:
सर्वांचे आभार. पहिले उत्तर मामांना वाचून दाखवले. ते बराच वेळ गप्प होते, मग त्यांनी एवढेच विचारले, "कोणत्या पायाला पट्टा बांधतात?" शुक्रवारी डॉक्टरांकडे ते माझ्यासोबत येत आहेत.